गिरगाव ते दादर : मुंबईच्या लोकल सेवेची जडणघडण

मुंबईकर ज्या सेवेला नुसते ‘लोकल’ म्हणतात, त्या उपनगरीय रेल्वेचा इतिहास १६ एप्रिल १८५३ या दिवसापासून सांगण्याची प्रथा आहे. परंतु त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी उपनगरीय नव्हती, आणि ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या, म्हणजे ‘जीआयपी’च्या, योजनेत शहरातील माणसांची रोजची ने-आण हा विषयही नव्हता. सह्याद्रीचे घाट ओलांडून वऱ्हाड-खानदेशातील कापूस बंदरावर आणणे आणि परतीच्या वाटेने विलायती माल देशावर पोहोचवणे, हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. रोजच्या प्रवाशाला लागणारी स्थानके, पादचारी पूल, जिने आणि वेळापत्रके ही या मालवाहू मांडणीवर पुढील दीडशे वर्षांत एकेक करून लावलेली ठिगळे होत. गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर या पट्ट्यात ही गोष्ट जितकी उघड दिसते, तितकी ती दक्षिणेकडील भव्य टर्मिनसांतही दिसत नाही आणि दूरच्या उपनगरांतही दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात लोकलचा इतिहास मुख्यतः या पट्ट्यातून पाहिला आहे.

रेल्वेच्या खटपटीशी गिरगावचा संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना भांडुपच्या भेटीत मुंबईला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर या घाटांशी जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना सुचली. ती उचलून धरणाऱ्या शहरातील धनिकांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ आणि सर जमशेटजी जीजीभाई हे आघाडीवर होते. त्यांच्या पुढाकाराने १८४५ मध्ये स्थापन झालेले इंडियन रेल्वे असोसिएशन पुढे जीआयपीत विलीन झाले. नानांच्या गिरगावातील वाड्यात रेल्वेच्या पहिल्या कार्यालयाला जागा मिळाली, आणि कंपनीच्या दहा संचालकांत नाना व जमशेटजी हे दोघेच भारतीय होते. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने कंपनीला अधिकृत रूप आले. तिच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. या व्यवस्थेला ‘गॅरंटी पद्धत’ म्हणत. तिचा अर्थ असा की नफा कमी पडला तर फरक येथील महसुलातून भरून निघे, म्हणजे अखेरीस तो रयतेच्या माथी बसे. रेल्वेच्या आगमनाचे कौतुक करताना हा हिशेब बहुधा विसरला जातो.

मार्गाच्या कामाचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली फॅविएल आणि फाउलर या कंत्राटदारांनी जो मार्ग बांधला, तो दाट वस्तीचा भाग बाजूला ठेवून भायखळ्यावरून आणि परळ-दादरच्या तेव्हाच्या मोकळ्या जमिनीतून शीवकडे जात होता. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी हा पहिल्या गाडीचा तपशील सर्वपरिचित आहे. त्याहून अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कंपनीने लगेच पुढची वाट धरली : १८५४ मध्ये कल्याण, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट. भायखळा आणि शीव यांच्या मधल्या भूमीचे पुढे काय होणार, याचा विचार त्या घाईत कोणी केल्याचे दिसत नाही.

दुसऱ्या कंपनीची कथा समुद्राच्या बाजूने येते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे ‘बीबीसीआय’, ही १८५५ साली स्थापन झालेली कंपनी गुजरातेतून दक्षिणेकडे रूळ टाकत २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता आणि त्या पैशाच्या भरात बॅकबे, म्हणजे गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचे समुद्राचे वळण, भरून काढण्यासाठी कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. युद्ध थांबताच १८६५ मध्ये हा सारा फुगवटा बसला. भरावाची मोठी स्वप्ने बुडाली आणि किनाऱ्यालगतच्या भरावाच्या पट्टीवरून बीबीसीआयचे रूळ दक्षिणेकडे सरकले. पश्चिम रेल्वे (पूर्वीची बीबीसीआय) आजही गिरगावची वस्ती आणि समुद्र यांच्या मधून धावते, ते या सट्टेबाजीच्या अपयशामुळे. वस्तीतून चौपाटीवर जाणाऱ्यास रुळांचा अडसर ओलांडावा लागतो, ही गिरगावकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट वास्तविक १८६५ च्या आर्थिक कोसळीची देणगी होय. त्याच भागातील चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरणीवरून पडले. सरकारने गुरे चारण्यावर कर बसवल्यावर जमशेटजींनी येथे जमीन विकत घेऊन तेथे विनामूल्य चराई ठेवली होती.

लोकलची खरी जन्मतारीख सांगायची झाल्यास ती १२ एप्रिल १८६७ मानणे अधिक योग्य ठरेल. त्या दिवसापासून बीबीसीआयने विरार ते बॅकबे अशी एक गाडी सुरू केली. ती सकाळी विरारहून शहराकडे येई आणि संध्याकाळी परत जाई. वाटेतील मोजक्या स्थानकांत दादर होते. दिवसातून एकच फेरी असलेल्या या गाडीत पुढील सर्व इतिहासाचा नमुना आढळतो : सकाळी शहराच्या दक्षिण टोकाकडे जाणारे लोक आणि संध्याकाळी घरी परतणारे तेच लोक. १८७० मध्ये चर्चगेट स्थानक झाले आणि पुढे मार्ग कुलाब्यापर्यंत गेला. जीआयपीच्या बाजूस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीचे काम सुरू झाले आणि ते १८८८ मध्ये पुरे झाले. या वास्तूविषयी विपुल लेखन झालेले आहे, आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यताही मिळाली. येथे त्या वर्णनात शिरण्याचे कारण नाही.

या काळात मधल्या पट्ट्यात जे घडत होते त्याचा रेल्वेच्या प्रवासी सेवेशी संबंध फार थोडा होता, आणि हीच या इतिहासातील महत्त्वाची बाब आहे. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये चालू झाली आणि शतक संपेपर्यंत भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा प्रदेश ‘गिरणगाव’ या नावाने ओळखला जाऊ लागला. जीआयपीने १८७९ मध्ये परळ येथे इंजिनांची कार्यशाळा आणली आणि १९१५ मध्ये माटुंग्याला डब्यांची कार्यशाळा काढली. मात्र रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला गिरणी कामगार गिरणीच्या भोंग्याच्या हाकेवर राहत असे. चाळीतून निघून तो पायी कामावर जाई. दहा-बारा माणसांच्या खोलीचे भाडे परवडावे म्हणून जेथे पैन् पै वाचवली जात होती, तेथे रोजच्या तिकिटाला पैसा कोठून येणार? म्हणून चिंचपोकळी, करी रोड, परळ ही स्थानके दाट वस्तीत असूनही लहानच राहिली. करी रोड हे नाव बीबीसीआयचे एजंट, म्हणजे येथील मुख्याधिकारी, चार्ल्स करी यांच्यावरून आलेले आहे. स्थानक मात्र प्रतिस्पर्धी जीआयपीच्या मार्गावर आहे, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. पुढे मार्ग चौपदरी होऊन ‘स्लो’ आणि ‘फास्ट’ असे भेद पडले. स्लो म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी धीमी गाडी आणि फास्ट म्हणजे मोजकी स्थानके घेणारी जलद गाडी. तेव्हा लालबागच्या दारातले करी रोड जलद गाडीच्या थांब्यांतून वगळले गेले, आणि त्याबद्दल तक्रार करणाराही तेव्हा कोणी नव्हता.

मग गाडीत बसत कोण होते, आणि त्यांची संख्या वाढली कशाने, या प्रश्नाचे उत्तर एका साथीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची लागण उघडकीस आली आणि पुढील काही वर्षांत शहराच्या दाट वस्त्या मृत्यूच्या छायेत गेल्या. परळचे जुने सरकारी निवासस्थान १८९९ मध्ये हाफकिन यांच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेस देण्यात आले. त्याआधीच, १८९८ मध्ये, कायद्याने मुंबई सुधार मंडळाची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली होती. दाट मोहल्ले फोडून रुंद रस्ते काढणे आणि वस्ती उत्तरेकडे हलवणे हे त्याचे काम होते. दादर-माटुंग्याच्या योजना त्यातून आल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी हे आखीव वसाहतींचे नमुने उभे राहिले आणि दादरच्या पश्चिमेस १९२५ मध्ये शिवाजी पार्कचे मैदान खुले झाले. गिरगावातील चाळींत राहून फोर्टातील कचेरीत पायी जाणारा पांढरपेशा मराठी कुटुंबप्रमुख दादरला राहायला गेला की त्याच्या खिशात रेल्वेचा पास येई. दादरहून पार्ले, पुढे गोरेगाव-बोरिवली आणि दुसऱ्या मार्गाने मुलुंड-डोंबिवली असा या वर्गाचा प्रवास पुढील दोन पिढ्यांत झाला. लोकलला नियमित प्रवासी मिळवून देण्यात प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट यांचा वाटा कोणत्याही रेल्वे अधिकाऱ्याच्या दूरदृष्टीपेक्षा मोठा आहे.

दादरचे महत्त्व येथून सुरू होते. दोन कंपन्यांचे मार्ग या ठिकाणी एकमेकांच्या शेजारी येतात आणि प्रवाशाला एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येते. परंतु कंपन्या वेगळ्या असल्यामुळे दादर नावाची दोन स्थानके एकमेकांना चिकटून उभी राहिली, प्रत्येकाचा कारभार निराळा आणि फलाटांचे क्रमांकही निराळे. ‘एक नंबरवर भेटू’ असे सांगणाऱ्याला ‘सेंट्रलच्या की वेस्टर्नच्या?’ असा प्रतिप्रश्न ऐकावा लागे. हा घोळ मिटण्यास ९ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला : त्या दिवसापासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ अशी सलग गणना झाली. दोन्ही रेल्वे १९५१ पासून एकाच मालकाच्या, म्हणजे भारत सरकारच्या, असूनही सलग आकडे घालायला बहात्तर वर्षे लागली, ही गोष्ट या संस्थेच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते.

विद्युतीकरणाचा टप्पा मात्र मोठ्या दूरदृष्टीचा होता, हे मान्य केले पाहिजे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवरची गाडी सुटली. तिला चार डबे होते आणि तिची यंत्रणा १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युत् प्रवाहावर चालत असे. हार्बर मार्ग आरंभी, १९१० मध्ये, कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच होता. सँडहर्स्ट रोडच्या वरून जाणारा उंच मार्ग बांधून तो टर्मिनसपर्यंत आणण्यात आला. बीबीसीआयने ५ जानेवारी १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू केल्या. विजेचा खरा फायदा धूर टळण्यापुरता नव्हता. वाफेची गाडी टर्मिनसला पोहोचली की इंजिन सोडून, फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, त्यामुळे मोटरमन, म्हणजे चालक, या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की गाडी परतीच्या प्रवासास सिद्ध होते. शिवाय ती थांबल्यावर चटकन वेग घेते. दोन स्थानकांत जेमतेम एक-दीड किलोमीटरचे अंतर असलेल्या गिरगाव-परळसारख्या भागात हा गुण निर्णायक होता. काही मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडणे त्यामुळेच शक्य झाले. १९३० च्या डिसेंबरात लांब पल्ल्याच्या गाड्या क्लॉड बॅटली यांनी आखलेल्या नव्या बॉम्बे सेंट्रल स्थानकात गेल्या, वर्षअखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले, आणि चर्चगेट हे लोकलचेच टर्मिनस उरले. त्या वर्षापासून पश्चिमेकडील मार्गाच्या दक्षिण टोकावर रोजच्या प्रवाशाचे एकहाती राज्य सुरू झाले, असे म्हणता येईल.

या संस्थेच्या इतिहासात तिच्या कामगारांची बाजू बहुधा तळटीपेत जाते. येथे ती थोडी वर घेणे इष्ट आहे. १८९९ मध्ये जीआयपीच्या सिग्नलर मंडळींनी, म्हणजे तारयंत्रावरून गाड्यांच्या हालचालींची खबर देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, संप केला आणि टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. १९३० च्या आरंभी जीआयपीत पुन्हा मोठा संप झाला. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप वीस दिवस चालला. कार्यशाळा ज्या वस्तीत होत्या ती वस्ती गिरण्यांचीही होती, त्यामुळे रेल्वे कामगार आणि गिरणी कामगार यांच्या चळवळी एकाच चाळीत, अनेकदा एकाच कुटुंबात, नांदत होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज रविवारी घेतला जाणारा ‘मेगाब्लॉक’, म्हणजे रूळ व तारांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद वा वळत्या ठेवण्याची व्यवस्था, ही साऱ्या शहराने रविवारी घरी राहावे या गृहीतावर उभी आहे. दुकाने, रुग्णालये आणि उपाहारगृहे यांत काम करणाऱ्यांना ते गृहीत लागू पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी मध्य रेल्वेत आणि बीबीसीआय पश्चिम रेल्वेत सामील झाली. त्यानंतरची तीन-साडेतीन दशके मुख्यतः डबे वाढवण्यात गेली. आठाचे नऊ आणि १९८६-८७ च्या सुमारास बारा डबे झाले. २००९ मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी आली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण महिलांसाठी गाडी सुरू झाली. बाई नोकरीसाठी रोज घराबाहेर पडते हे वेळापत्रकाने मान्य केल्याची ती नोंद होय. तरीही गर्दी गाडीच्या पुढेच राहिली. अभियंत्यांच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी एक संज्ञा मुंबईमुळे रूढ झाली. एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असणे, असा तिचा अर्थ आहे. तीन माणसांच्या बाकावर टेकलेल्या चौथ्याला ‘चौथी सीट’ म्हणण्याचा मुंबईचा परिपाठ हा त्याच वस्तुस्थितीचा सौम्य अवतार. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने राज्य आणि केंद्र यांच्या भागीदारीत नवे रूळ, नव्या गाड्या आणि अधिक दाबाचा, म्हणजे २५,००० व्होल्टचा, प्रत्यावर्ती प्रवाह आणला; पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ मध्ये आणि हार्बर मार्गावर सर्वांत शेवटी एप्रिल २०१६ मध्ये पुरा झाला. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली.

या सर्व सुधारणांचा रोख रूळ, तारा आणि डबे यांच्याकडे होता. स्थानकाबाहेर काय चालले आहे याकडे संस्थेचे लक्ष नव्हते, आणि नेमके तेथेच शहर बदलत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीपैकी एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी देण्याची अट घातली होती; २००१ च्या दुरुस्तीने ती अट फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी लोअर परळ, परळ, लालबाग येथे कचेऱ्यांचे मनोरे, मॉल आणि उंच इमारती आल्या. कामगाराचा मुलगा घराच्या किमतींमुळे किंवा जागेच्या तंगीमुळे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे राहायला गेला, आणि त्यातील कित्येक जण त्याच परळला कचेरीत, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात किंवा दुकानाच्या काउंटरमागे काम करण्यासाठी रोज लोकलने येऊ लागले. बाप जेथे पायी कामाला जात होता तेथे मुलगा तास-दीड तास उभा राहून पोहोचू लागला. ज्या स्थानकांवर पूर्वी फारसे कोणी उतरत नव्हते, तेथे सकाळी गाडी निम्मी रिकामी होऊ लागली. स्थानके मात्र पूर्वीच्याच मापाची राहिली.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसामुळे लोक खोळंबले, गाड्यांतून उतरणारी गर्दी मागून येतच राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे मृत्युमुखी पडली. दसऱ्याचा आदला दिवस होता. त्या दिवशी गटागटाने नेहमी प्रवास करणारे लोक आपापल्या डब्याला झेंडूची तोरणे बांधून पूजा करतात. नवा पूल लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. सैन्याला बोलवावे लागले याचे अनेकांना कौतुक वाटले. वास्तविक रेल्वे आणि महापालिका यांना जिन्याएवढ्या कामात एकमेकांचा मेळ घालता येत नव्हता याचीच ती कबुली होती. गिरण्यांच्या जमिनीवर किती मजले चढणार हे ठरवणाऱ्या कोणत्याही कागदात शेजारच्या स्थानकाच्या पुलाच्या रुंदीचा विचार झाला नाही. या दुर्घटनेचे मूळ तेथे शोधावे लागते. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. ३ मार्च २०१९ पासून परळ येथूनच काही गाड्या सुटू लागल्या, आणि लांबच्या टर्मिनसहून भरून येणाऱ्या गाडीत शिरण्याऐवजी रिकामी गाडी मिळण्याचा लाभ या स्थानकाला इतिहासात प्रथमच झाला.

पावसाळ्यातील खोळंब्याचे मूळही याच भूगोलात आहे. परळ, माहीम आणि मुंबई ही मूळची वेगळी बेटे. १७८० च्या दशकात वरळीची खिंड बांधाने बंद झाल्यावर त्यांच्या मधली दलदल हळूहळू जमिनीत आली, पण ती सखलच राहिली. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की हिंदमाता, परळ, शीव आणि कुर्ला येथे पाणी साचते. पाणी रुळांवर चढले की सांधे बदलणारी यंत्रे व सिग्नलची मंडले निकामी होतात आणि डब्याखालच्या मोटारींत पाणी शिरण्याचा धोका असतो, म्हणून गाड्या थांबवाव्या लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा हजारो लोक रुळांवरून चालत घरी गेले.

वर्षातील काही दिवस या पट्ट्यातील स्थानकांचे रूप पालटते, आणि तेव्हा रेल्वेची कार्यक्षमता मनापासून वाखाणावीशी वाटते. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी चैत्यभूमीवर येणारा जनसमुदाय दादरलाच उतरतो, आणि आदल्या रात्री जादा लोकल सोडल्या जातात. गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी करी रोड आणि चिंचपोकळी ही एरवीची दुय्यम स्थानके शहराच्या केंद्रस्थानी येतात, तर अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरील विसर्जनानंतर परतणाऱ्यांसाठी रात्रभर गाड्या धावतात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी उभी केलेली डबेवाल्यांची व्यवस्था तर पूर्णपणे लोकलच्या मालडब्यावर आणि तिच्या वक्तशीरपणावर अवलंबून राहिली. या गोष्टी कोणत्याही कंपनीच्या सनदेत नव्हत्या. प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्या मिळून घडवल्या.

रोजच्या तीन हजारांहून अधिक फेऱ्या आणि सुमारे ७५ लाख प्रवासी हा पसारा मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पूर्ण थांबला, आणि जूनच्या मध्यापासून तो फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाला. गाड्या पूर्ण बंद असताना डोंबिवली-विरारहून एसटीने व बेस्टने तासन्‌तास प्रवास करून परळच्या केईएम व टाटा रुग्णालयांत पोहोचणाऱ्यांनी लोकलशिवाय मुंबई चालत नाही हे सिद्ध केले, इतकेच नव्हे तर लोकलला पर्याय उभा करण्याचे काम किती मागे पडले होते हेही उघड केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण होऊन गिरगाव आणि काळबादेवी यांना प्रथमच आपल्या नावाची स्थानके मिळाली. तिकडे चर्नी रोडचे गिरगाव आणि करी रोडचे लालबाग असे नामांतर करण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये संमत केला आहे. नावे बदलणे सोपे असते. रुळांवर आणि दारांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, तो आकडा खाली आणणे हे संस्थेपुढील पहिले काम आहे, आणि त्याची कसोटी नव्या गाड्यांइतकीच पूल, जिने व फलाट यांच्या रुंदीवर लागणार आहे.

या इतिहासाचा एक भाग अद्याप लिहिला गेलेला नाही. कंपन्यांच्या अहवालांत तिकिटे, डबे आणि उत्पन्न यांची नोंद सापडते. परळ-माटुंग्याच्या कार्यशाळांतील कारागीर, मोटरमन, रूळ सांभाळणारे गँगमन आणि डब्यातील भजनी मंडळे यांची नोंद मात्र घराघरांत विखुरलेली आहे, आणि चाळी पाडल्या जात असताना ती झपाट्याने नाहीशी होत आहे. ज्या वाचकांच्या घरी जुने पास, वेळापत्रके, कार्यशाळेची ओळखपत्रे, संपकाळातील पत्रके किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे जतनासाठी सोपवावीत, अशी विनंती आहे.